दिवा घालवा, गीझर असू द्या

घरातली वीज वाचवणारं सगळ्यात जुनं उपकरण म्हणजे वडील. ते खोलीत शिरले की दिवा जातो. खोलीत तुम्ही वाचत बसला असलात तरी जातो. या उपकरणाला स्टॅबिलायझर लागत नाही, वॉरंटीची कटकट नाही, फक्त आवाज फार. "घरात लग्नकार्य आहे का, सगळे दिवे लावून बसलात ते?" हे मी साताऱ्यात ऐकत मोठा झालो. नोकरीने लखनौच्या अलीगंजात आणून टाकल्यावर वाटलं, सुटलो. तर खालच्या मजल्यावर घरमालक. पहिल्याच संध्याकाळी जिन्यातून आवाज आला, "क्यों भई, बारात आ रही है क्या?"

घरमालकांना सगळी गल्ली बाबूजी म्हणते. सचिवालयात हयात गेली. निवृत्तीनंतर सही करायला फायली उरल्या नाहीत, म्हणून आता ते स्विचांवर देखरेख करतात. जिन्यात नऊ वॅटचा एक एलईडी आहे. तो क्षणभरही फुकट जळू नये म्हणून बाबूजी अंधारात भिंत चाचपत जिना चढतात. मागच्या थंडीत शेवटची पायरी चुकली, घोटा सुजला, सूनबाईंनी, म्हणजे गल्लीच्या भाभीजींनी, हळदीचा लेप घातला. तो लेप धुवायला गरम पाणी मात्र केव्हाही तयार होतं, कारण न्हाणीघरातला दोन किलोवॅटचा गीझर पहाटेपासून चालूच असतो. का? तर "बार-बार ऑन-ऑफ करने से ज़्यादा खींचता है."

विजेच्या बचतीतली सगळी गंमत या एका घोट्यात आहे. आपण डोळ्यांना दिसते तेवढीच वीज वाचवतो. दिवा दिसतो, म्हणून दिव्यावर दात. ऊब आणि गारवा दिसत नाहीत, म्हणून त्यांना सगळं माफ. आणि बिल तर त्या दोघांचंच येतं. ही खोड लखनौची किंवा साताऱ्याची नव्हे. अमेरिकेत 2010 साली शाहझीन अत्तारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 505 लोकांना विचारलं होतं, ऊर्जा वाचवायला सगळ्यात चांगलं काय कराल? पुष्कळांनी दिवे बंद करण्याचंच नाव घेतलं. मोठमोठ्या यंत्रांचं खाणं लोकांच्या अंदाजात फारच कमी भरलं. थोडक्यात, बाबूजी तिकडेही आहेत.

वडिलांच्या पिढीवर अन्याय नको म्हणून सांगतो, त्यांचा नियम त्यांच्या काळात बरोबर होता. घरात शंभर वॅटचे पिवळे बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ. त्यात वाचवायचा तर बल्बच. मग 2015 च्या जानेवारीत सरकारची उजाला योजना आली, बल्ब नऊ वॅटवर उतरला, आणि त्याच सुमारास घरात एसी, गीझर, मायक्रोवेव्ह येऊन बसले. चोर बदलले, पहारा जुन्याच दारावर राहिला.

गीझरचा हिशेब तर शाळेतल्या पोराला जमावा. जानेवारीत इथे धुकं पडतं तेव्हा समोरच्या घराची गच्ची दिसत नाही. नळाचं पाणी 15 अंशांवर आहे असं धरू. पंधरा लिटर पाणी 60 अंशांपर्यंत न्यायला पाऊण युनिटच्या किंचित वर वीज लागते आणि दोन किलोवॅटच्या गीझरला त्याला पंचवीसएक मिनिटं पुरतात. पुढे दिवसभर तो जे करतो ते म्हणजे निवलेलं पाणी पुन्हा तापवणं. टाकी कितीही जाड असली तरी पाणी निवतं, थर्मोस्टॅट कुरकुरतो, पुन्हा पेटतो. पाणी जितका वेळ गरम ठेवाल तितकी ऊब न्हाणीघराच्या भिंतींना फुकट. 'चालू-बंद केल्याने जास्त खातो' हा समज कुठून आला कोण जाणे, पण तो पिढीजात दागिन्यासारखा जपला जातो. लखनौच्या कैसरबागेत 1926 साली ज्यांच्या पुढाकाराने मॅरिस कॉलेज उभं राहिलं ते पंडित भातखंडे आपले मराठी. कोणता राग कोणत्या प्रहरी गायचा याची शिस्त त्यांनी ग्रंथांत नीट मांडून ठेवली. त्यांच्याच शहरात गीझरला मात्र आठही प्रहर मोकळे.

समोरच्या घरातल्या दुसऱ्या भाभीजी गीझर वापरतच नाहीत. त्यांचा रॉडवर विश्वास. "गीझर खाता है, रॉड नहीं खाती." रॉडही विजेची ऊब करते, गीझरही तेच करतो, एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला दोघांना सारखीच वीज पडते. तरीही या भाभीजींचं बिल खरोखरच कमी येतं, आणि ती सगळी बचत भीतीची आहे. बादलीत रॉड असली की घरातलं एक माणूस पहाऱ्यावर उभं राहतं, पोरांना ओरडत राहतं, पाणी तापल्याबरोबर प्लग ओढतं. गीझरला असा पहारा बसला तर तोही शहाण्यासारखा वागेल.

आई साताऱ्याहून आली की आमच्याकडे रात्री फ्रीज बंद होतो. त्यातून वाचतं ते इतकंच, की सकाळी दूध फाडायला लिंबू लागत नाही.

आता उन्हाळा. पारा 44-45 वर, दुपारी लू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाबूजींचे चिरंजीव (गल्लीत यांना भैया म्हणतात) ऑफिसातून येतात, बूटही न काढता रिमोट उचलतात आणि एसी 16 वर नेतात. लवकर गार व्हावं म्हणून. आता रिक्षावाल्याला चारबागऐवजी त्याच्याही पुढच्या अमौसीला जायचंय असं सांगितलं म्हणून तो चारबागला लवकर पोचतो का? साध्या एसीच्या कॉम्प्रेसरला दोनच गोष्टी येतात, चालणं आणि थांबणं. 16 हा आकडा त्याचा वेग वाढवत नाही, फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. नव्या इन्व्हर्टर एसीला वेग कमीजास्त करता येतो हे खरं, पण 38 अंशांच्या खोलीत तुम्ही 24 मागा नाहीतर 16, सुरुवातीला तो पळतो पूर्ण ताकदीनेच. फरक पडतो तो नंतर. 24 वाला पोचून दम घेतो. 16 वाला रात्रभर धावतो, कारण जूनमधल्या लखनौत, पश्चिमेच्या भिंतीच्या आणि तापलेल्या स्लॅबच्या खोलीत, 16 अंश हे गाव त्याला सापडतच नाही.

यावर सरकारने एक साधा उपाय केला होता. 1 जानेवारी 2020 पासून स्टार लागणारे एसी कारखान्यातूनच 24 अंशांवर लावून येतात. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरोचं म्हणणं. म्हणजे 16 वरून 24 वर आलात तर एसीच्या खर्चाचा चांगला लचका सुटतो. पण माणूस आकड्याला असा ऐकतो होय? नव्या एसीचं खोकं उघडल्यावर भैयांनी रिमोटमध्ये सेल घातले, आणि पहिलं बटण दाबलं ते वजाचं. रात्री दोनला भाभीजी उठून लोखंडी पेटीतून रजाई काढतात. जून महिन्यात, लखनौत, रजाई! एसीचे पैसे थंडीला आणि रजाई त्या थंडीपासून वाचायला. यावर भैयांचं ठरलेलं उत्तर: "फ़ाइव स्टार है, खाता ही नहीं."

फाइव्ह स्टारचा हा समज वेगळा आणि जास्त महागाचा आहे. एक तर तारे कायमचे नसतात. ब्यूरो निकष कडक करत जाते, त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या मोजणीत तीनवर येऊ शकतात. चकतीवर साल छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. दुसरं, त्या चकतीवरचे वर्षाचे युनिट 1600 तास धरून काढलेले असतात. भैयांचे 1600 तास पाऊस सुरू होण्याआधीच संपायच्या बेतात असतात. आणि तिसरं फार जुनं आहे. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्ये लिहून ठेवलं, की वाफेची इंजिनं कोळसा कमी खायला लागली म्हणून देशाचा कोळसा वाचत नाही, इंजिनंच वाढतात. पूर्वी भैया एसी दोन तास लावून बंद करायचे, जीव जळायचा. आता फाइव्ह स्टार आहे म्हणून रात्रभर, आणि दिवसा पाहुणे आले तर दिवसाही.

खरी लखनवी चीज म्हणजे कूलर. खिडकीला बाहेरून टांगलेला पत्र्याचा पेटारा, तीन बाजूंना घास, घासावर पाण्याची धार, आत ढणढणणारा पंखा. मेअखेरीच्या कोरड्या उन्हात याच्यासारखं यंत्र नाही. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, 43 अंशांची लू आत येईतो बरीच निवते, आणि हे सगळं दोनशेएक वॅटमध्ये. दीड टनाच्या एसीला दीड हजाराच्या आसपास लागतात. घासाच्या जागी खस, म्हणजे आपला वाळा, लावला तर खोलीभर पहिल्या पावसाचा वास, नवाब झाल्यासारखं वाटतं.

पण कूलरला समोरची खिडकी उघडी लागते. ओली हवा बाहेर पडली तर नवी कोरडी हवा आत येणार, नाहीतर वाफ व्हायची कशी? बाबूजींना हे पटत नाही. "ठंडक बाहर चली जाएगी." ते कूलर लावतात आणि दारं, खिडक्या, वरचा झरोका, सगळं पॅकबंद. अर्ध्या तासात खोलीत कोकण. अंगावरचा घाम वाळत नाही, डब्यातले पापड सादळतात, कॅलेंडरची पानं मऊ होतात. मग बाबूजी म्हणतात कूलर खराब झाला, आणि मेकॅनिकला बोलावून घास बदलून घेतात.

जुलैत पाऊस लागला की हवाच ओली, कूलर निव्वळ पंखा होतो. तरी तो पाण्यासकट चालत राहतो. गेल्या वर्षी भैयांनी यावर कळस केला. एकाच खोलीत एसी आणि कूलर दोन्ही. डबल थंडी! कूलर हवेत पाणी घालतोय, एसी तेच पाणी हवेतून काढून पाइपने गॅलरीत ठिबकवतोय, खाली भाभीजींनी बादली लावलेली, आणि बादली भरली की ती कूलरच्या टाकीत ओततायत. पाण्याची एवढी काटकसर मी दुष्काळी माणखटावातही पाहिली नाही.

जुन्या लोकांना यातलं बरंच कळत होतं. नवाब आसफउद्दौलाने 1784 मध्ये सुरू केलेल्या बड्या इमामबाड्यात भर दुपारी जा. जाड भिंतींच्या आत बाहेरच्या भट्टीचा पत्ता नसतो. त्या भिंतींना तापायला दिवस पुरत नाही. रेसिडेन्सीतल्या इंग्रजांनीही उन्हाळ्यासाठी तळघर बांधून घेतलं होतं. आमच्या भाड्याच्या वरच्या मजल्याला मात्र चार-पाच इंची स्लॅब, ती दिवसभर ऊन पिते आणि रात्री अकराला आमच्या उशाशी ओकते. एसी बिचारा या स्लॅबशी भांडत असतो. तेव्हा गच्चीला पांढरा चुना मारा, ऊन बरंचसं परतून जाईल, असं मी बाबूजींना सुचवलं. चुना लावून घेणाऱ्याचाच फायदा होतो असा हा एकुलता एक व्यवहार. बाबूजी म्हणाले, छत भद्दी दिखेगी. दिसणार कुणाला? पतंगांना.

लखनौत घराघरात इन्व्हर्टर आहे आणि त्याच्याबद्दल एक गोड समज आहे, की त्यावरची वीज फुकट. लाइट गेली आणि इन्व्हर्टर लागला की बाबूजींची कळी खुलते. एरवी एका पंख्यावर भागवणारा माणूस तेव्हा दोन पंखे आणि टीव्ही लावून बसतो. "अब मीटर नहीं चल रहा." चालत नाही हे खरं, पण लाइट आल्यावर बॅटरी भरून घेते तेव्हा ते कुणी बघत नाही. आणि ती जेवढं देते त्याहून जास्त घेते. साध्या बॅटरीत जाता-येता वीस-तीस टक्के तरी ऊब होऊन उडून जातात. म्हणजे घरातली सगळ्यात महाग वीज बाबूजी फुकट समजून उधळतात. भैयांनी तर एकदा लाइट असताना मुद्दाम इन्व्हर्टरवर घर चालवायची टूम काढली होती. सावकाराकडून पैसे काढून बँकेचं कर्ज वाचवण्यातला तो प्रकार होता.

काही समज मात्र अर्धे खरे असतात आणि तेच जास्त छळतात. पंखा हळू केला तर वीज वाचते का? पूर्वीचा लाकडी बोर्डावरचा ठोकळ्यासारखा रेग्युलेटर आठवतो? तो हाताला गरम लागायचा. पंख्याची वाचलेली बरीचशी वीज तो स्वतः तापून खायचा, म्हणून 'काही वाचत नाही' असं म्हणणारे मामा जवळजवळ बरोबर होते. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने खरोखर वाचते, पण मामा अजून जुन्याच मतावर आहेत. नव्या बीएलडीसी पंख्याला तीसेक वॅट पुरतात, जुन्याला पंचाहत्तर. लखनौत पंखा मार्च ते ऑक्टोबर दिवसाचे वीस तास फिरतो, तेव्हा एका पंख्यामागे रोज जवळजवळ एक युनिट वाचतं. पण पंखा हे कौतुकाने विकत घ्यायचं यंत्र नव्हे, त्यामुळे त्याचा विषय निघत नाही. विषय निघतो मोबाइलच्या चार्जरचा. बायको रोज रात्री घरातले सगळे रिकामे चार्जर काढते, आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' करून, त्याचा लाल डोळा तसाच ठेवून झोपते. तो बॉक्स झोपेतही दहाएक वॅट खातो, रिकामा चार्जर वर्षाला एखादं युनिट. बोललो तर म्हणते, "अहो, तो बंद केला तर सकाळी चॅनेल लागायला वेळ लागतो." संसारात हे शास्त्राहून मोठं कारण आहे.

प्लगमध्ये खोचला की बिल तीस-चाळीस टक्क्यांनी उतरवणारा 'पॉवर सेव्हर' बाजारात मिळतो, तो बाबूजींनीही घेतला. त्यात एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर सुधारला तरी आपल्यासारख्या छोट्या घराचं बिल किलोवॅट-तासांवर निघतं, त्यात काडीचा फरक पडत नाही. हिरवा दिवा मात्र मीटरवर चढतो.

जूनच्या रात्री अकरा वाजता गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर सगळ्यांचे एसी एकदम येतात आणि तो धाडकन बसतो. सगळी गल्ली बनियन-लुंगीत रस्त्यावर. लाइनमन फ्यूज बांधताना वरून ओरडतो, दो-चार घर एसी बंद रखिए, नहीं तो फिर उड़ेगा. लखनौची 'पहले आप' ही तहजीब उरली नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हा क्षण बघावा. वकीलसाहेब बाबूजींकडे हात करतात, बाबूजी डॉक्टरसाहेबांकडे, डॉक्टरसाहेब अदबीने पुन्हा वकीलसाहेबांकडे. कुणीही दुसऱ्याच्या आधी एसी बंद करून त्याचा अवमान करत नाही. दहा मिनिटांत पुन्हा धाडकन.

शेवटी मी बाबूजींना मीटरसमोर उभं केलं. मीटर या वस्तूवर त्यांचा आधीच राग. 2020 च्या जन्माष्टमीला उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटरच्या घोळाने हजारो घरं एकदम अंधारात गेली होती. कृष्ण अंधारातच जन्मला म्हणून त्या रात्री कुणी फारसं मनावर घेतलं नाही, पण गल्लीने मीटरशी बोलणं टाकलं ते टाकलंच. मी दाखवलं, इथे बारीक अक्षरात 3200 लिहिलंय. म्हणजे हा लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. मग घरातलं सगळं बंद केलं आणि एकटा जिन्यातला एलईडी लावला. आम्ही लाल दिव्याकडे बघत उभे. बाबूजी पापणी लववेनात. एक मिनिट गेलं. भाभीजी चहा ठेवायला आत गेल्या. दोन मिनिटं झाल्यावर तो एकदा मिचकला. "बस?" बाबूजी म्हणाले. बस. मग मी गीझर लावला. दिवा असा फडफडायला लागला की बाबूजी मागे सरले. मोजता मोजता त्यांची बोटं चुकली. एलईडीला जिथे एक लागली तिथे गीझरने दोन मिनिटांत दोनशेच्या वर उड्या मारल्या.

बाबूजी बराच वेळ गप्प होते. सचिवालयात अशा वेळी फाइल पुढच्या टेबलावर जाते. मला वाटलं, जिंकलो. चहा आला. एक घोट घेऊन त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मीटरच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"यह बताइए, यह लाल बत्ती जो दिन-रात जलती है, यह भी तो बिजली खाती होगी? इसका पैसा किसके खाते में जाता है?"

मीटर स्वतःपुरती किंचित वीज घेतो, एखाद-दोन वॅटची. पण ती मोजणीच्या आधीच घेतो, तिचा भार ग्राहकावर पडत नाही, कंपनी सोसते, असं मी सांगितलं.

"पक्का?"

"पक्का, बाबूजी."

"फिर ठीक है," बाबूजी म्हणाले, "गीज़र चलने दीजिए."